पोरीच्या सोयीची गाडी

बोरवाडी, ता. पाथर्डी
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

रंगुबाई लिहिते. तुझी आजी, दुसरी कोण. फोन का केला न्हाई असं विचारू नको. फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो. तो कानाला लावत न्हाई, स्पीकरवर टाकतो, अन् मग मी बोललेलं सगळी वस्ती ऐकती. साक्षरतेच्या वर्गात चार महिने बसून अक्षरं शिकले ती काय नुसती बँकेत सही करायला न्हाई. बिभीषण सोमवारी अन् गुरुवारी भाजीचा टेम्पो घेऊन नगरला येतो, त्याच्याकडं चिठ्ठी देते. तूही त्याच्याकडंच दे. तो वाचायला बघंल, पण माझं अक्षर लागायला त्याला दुसरा जन्म घ्यावा लागंल.

बातमी अशी की तुझ्या बापाला एक तर अक्कल आलीय न्हाईतर ताप. परवा जेवताना म्हणाला, आई, विजेची गाडी घ्यायची. तुझी आई तव्यावरची भाकरी विसरून त्याच्या तोंडाकडं बघत बसली, ती करपली. मी विचारलं, कुणाला. तर म्हणतो, सुकूची सोय होईल. तुला एक जानेवारीला तिसगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचंय, पाळी सकाळी सातची, अन् आपल्याकडं एसटी दहाला येती, आली तर. गाडी न्हाई तर नोकरी न्हाई, हे तू दिवाळीत नाक पुसत सांगितलंस तेव्हा हाच गोरक्षनाथ कांद्याला पाणी द्यायचंय म्हणून उठून गेल्ता. आता त्याला तुझी सोय आठवली. आठवू दे. मी खोटं कशाला काढू.

या घरात जनावर मी पारखते हे तुला ठाऊक हाय. तुझा आजा गेला तेव्हापासून बैल असो का गाय, पाठीवर हात मी ठेवायचा अन् विसार मी द्यायचा. माझा विसार गेला की सौदा मोडायचा न्हाई. तुझ्या बापानं एकदाच स्वतःच्या अकलेनं गाय आणली, ती दुधाला कमी अन् लाथेला जास्त निघाली. तेव्हापासून त्याची हिंमत न्हाई. म्हणून गाडी पारखायचं कामही माझ्याकडंच आलं. मी चालवणार न्हाई, मागं बसणार. मागं बसणाऱ्यालाच गाडी कळती. चालवणाऱ्याला नुसता रुबाब कळतो.

काल तिसगावच्या दुकानात जाऊन पहिली बघितली. शार्दूल नाव. काळीकुट्ट, आपल्या म्हशीएवढी, अन् तोंडही तसंच. मी माझं माप बरोबर नेलं हुतं. माप म्हणजे ताकानं काठोकाठ भरलेला तांब्या. तो मांडीवर घेऊन बसायचं अन् उतरल्यावर बघायचं किती राहिलं. दुकानदार म्हणाला, आजी, हिला डबल सस्पेन्शन हाय. मी म्हणाले, ताकाला सांग.

चढायलाच दुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागलं. लुगड्यातली बाई एका अंगाला बसली तर तिनं पाय कुठं ठेवायचे, हे त्या कंपनीला कुणी सांगितलेलं न्हाई. कंपनीला आई नसावी. दुकानदारानं मूठ पिळली अन् गोमाशी चावल्यावर बैल उसळतो तशी गाडी उसळली. खड्डा आला की ही त्याला गिळत न्हाई, जसाच्या तसा वर पाठवती. मढीच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो तर तांब्यात एक घोट उरला. बाकीचं ताक अर्धं माझ्या मांडीवर, अर्धं दुकानदाराच्या पाठीवर. तो म्हणाला, स्पोर्ट मोडवर हुती. मढीच्या जत्रेतलं गाढव यापेक्षा समजूतदार असतं, अन् ते घेताना दात तरी बघू देतात.

घरी येऊन सांगितलं तर तुझ्या बापानं एकच विचारलं, उंच माणसाला बरी हाय का. मी म्हणाले, उंटाला बरी हाय.

तुला गाडीत काय काय पायजे ते लिही. हिंदी-इंग्रजी लिहू नको.

रंगुबाई


अहिल्यानगर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून मी अन् माझ्या खोलीतली निकिता इतक्या हसलो की घरमालकीण वर आली.

पप्पा स्वतःहून गाडी घेतात हे मला खरंच वाटत नाही. दिवाळीत मी फार बोलले होते. त्याचं वाईट वाटून त्यांनी ठरवलं असेल. तू त्यांना टोमणे मारू नकोस. मारशीलच, पण कमी मार.

मला काय पाहिजे ते सांगते. घर ते दवाखाना सतरा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चौतीस. एका चार्जिंगमध्ये तेवढं होऊन थोडं उरलं पाहिजे. रस्ता तुला माहीतच आहे, वस्तीपासून सडकेपर्यंत नुसते दगड. त्यावर कंबर शाबूत राहिली पाहिजे. ब्रेक दाबल्यावर घसरू नये. आणि चालवताना गाडी आपली वाटली पाहिजे. याला राइड फील म्हणतात, आजी. सीटची उंची तेवढी नीट बघ. बाकी कशापेक्षा ती बघ.

काल पप्पांचा फोन आला होता. रंग विचारतील म्हणून मी हिरवा सांगायच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, मागं बसायला तुला भीती वाटत नाही ना? मी म्हटलं, मागं तर आजी बसणार आहे. त्यांनी लगेच फोन ठेवला. गाडी चालवायची मला भीती वाटते का, असं विचारायचं असेल त्यांना.

तुझी,
सुकन्या


बोरवाडी
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

उजव्या हाताला काय झालं ते आधी सांग.

दुसरीत असल्यापासून तुझं अक्षर बघते. ताठ असतं. या पत्रात ते वाऱ्यानं लोळवलेल्या ज्वारीसारखं सगळं एका अंगाला पडलंय. डाव्या हातानं लिहिलंस. ज्या बाईला अक्षरं मोठेपणी शिकावी लागतात ती नुसतं लिहिलेलं वाचत न्हाई, कसं लिहिलंय ते पण बघती. उत्तर खरं दे, न्हाईतर मी भाजीच्या टेम्पोत बसून येते.

आता गाडी. तुझ्या छबू आत्याकडं पारनेरला गेल्ते. तिच्याकडं रेशमा नावाची विजेची गाडी हाय. तिच्या नवऱ्यानं घेतली अन् त्या दिवसापासून तुझी आत्या चालायची विसरली, शेजारी साखर मागायला पण गाडीवर जाती. गादी अशी मऊ की मी बसले ती खालीच गेले, वर येईना. खड्डे कळत न्हाईत हे खरं. ताक एक थेंब सांडलं न्हाई. पण गाडी अशी डुलती की ताक तांब्यात राहिलं अन् सकाळचं जेवण वर आलं. छबू म्हणाली, किती आराम वाटतो न्हाई. माझ्या तोंडाला पदर हुता म्हणून उत्तर देता आलं न्हाई.

पुढं चढ लागला. गाडीच्या काचेवर कासवाचं चित्र उमटलं. मी म्हणाले, हे काय. छबू म्हणाली, वीज कमी झाली की कासव येतं. मग गाडीही कासवासारखी चालायला लागली, अन् मग ते पण बंद. निघताना अर्धी वीज दाखवत हुती. मऊ बोलणाऱ्या माणसाचा हिशेब असाच असतो. दोघी माय-लेकींनी ती रेशमा ढकलत घरी आणली. वजनाला ती रेशमा न्हाई, जोतं हाय जोतं, घराचं. तू असतीस तर माळावर बसून कासवाची पूजा करत राहिली असतीस अन् दवाखान्यात बाळंतीण वाट बघत.

राइड फील काय ते मला कळलं. ते कंबरेत असतं. त्याला इंग्रजी नाव कशाला लागतं ते कळलं न्हाई.

एक गोष्ट मला टोचतीय. तुझा बाप रोज काहीतरी विचारतो, पण तुझ्याबद्दल न्हाई. पुढं उंच माणूस बसला तर मागच्याला जागा उरती का. काळ्या रंगाला मळ दिसतो का. पाच फूट नसलेल्या पोरीच्या गाडीला एवढा उंच माणूस कुठून चिकटला? मी विचारलं तर म्हणतो, सहज. तुझा बाप उभ्या आयुष्यात सहज शिंकला पण न्हाई.

हाताचं लिही.

रंगुबाई


अहिल्यानगर
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

आजी,

तुझ्यापासून काही लपत नाही.

गेल्या महिनाअखेरीला निकिताची स्कूटर चालवून बघत होते. चालती होती तोवर मस्त चालली. सिग्नलला थांबवली आणि पाय टेकवायला गेले तर खाली जमीनच नाही. चार फूट नऊ इंचाच्या बाईचा सीटवरून पाय टेकत नाही, नुसता अंगठा लागतो. गाडी कलली ती मला घेऊनच. मनगटाचं हाड तडकलं आहे, प्लास्टर आहे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल. ड्युटीवर मला नोंदी करायला बसवलं आहे, त्याही डाव्या हाताने.

आईला सांगू नकोस. ती म्हणेल, गाडीच नको. आणि पप्पांनी एवढं मनावर घेतलेलं असताना त्यांना तर मुळीच नको. सीटची उंची नीट बघ म्हणाले होते ते यासाठी.

टिटवी नावाची एक छोटी गाडी इथल्या दुकानात आहे. बुटकी दिसते. पोरं तिला हसतात. मला हसू आलं नाही.

सुकन्या


बोरवाडी
सोमवार, १ डिसेंबर २०२५

सुकन्या,

बसून वाच. रडू येण्यासारखं काही न्हाई, राग येण्यासारखं हाय.

टिटवी शोधायला मला नगरला यावं लागलं न्हाई. आपल्या खालच्या वस्तीवरची मोनिका, आशाचं काम करती ती, तिच्याकडं दोन वर्षं टिटवी हाय. तिसगावच्या बाजारातून येताना मी म्हणाले, मला घरी सोड. हॉटेलातून ताक घेऊन तांब्या भरला.

बसायला पायरी लागली न्हाई. एका अंगाला बसणाऱ्या बाईसाठी पाय ठेवायला पत्रा हाय, धरायला दांडा हाय. या कंपनीला आई हाय. चाकं बारकी, त्यामुळं खड्डा कळतो, उगा खोटं सांगणार न्हाई. पळायचं म्हणशील तर बैलगाडीला मागं टाकती, ट्रॅक्टरला राम राम करती. पण मोनिका तुझ्याच उंचीची. ओढ्यापाशी मेंढरं आडवी आली तेव्हा तिनं गाडी थांबवली अन् दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवून पदर नीट केला. मी तेच बघत हुते. दिवसभर पाच वाड्या फिरून तिला अजून कासव दिसलेलं न्हाई. ताक चार बोटं सांडलं. कंबर जाग्यावर.

अन् आवाज न्हाई. टिटवी नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, खरी टिटवी आख्खा माळ जागा करती. ही अंगणात शिरली तर कुत्र्यानं कानसुद्धा उचलला न्हाई. मोनिका मला कडब्याच्या गंजीपाशी उतरवून तशीच गेली. पडवीत माणसं बोलत हुती. मी तिथंच उभी राहिले. वयोमानानं दम लागला हुता असं समज.

कर्जतकडचे काकासाहेब म्हणून पाहुणे. बरोबर त्यांचा मुलगा राधाकृष्ण, साखर कारखान्यात नोकरीला. सहा फूट असावा, खुर्चीत बसला तर गुडघे दाराच्या चौकटीला लागत हुते. तुला त्यांनी पारनेरच्या कुठल्या लग्नात बघितलंय म्हणे. तुझं लग्न ठरत हुतं, पोरी. काकासाहेब म्हणत हुते, आमी हुंडा घेणारी माणसं न्हाई, आमाला काही नको, एक विजेची गाडी तेवढी द्या, ती पण तुमच्याच पोरीच्या सोयीसाठी. असं म्हणताना मुलानं खिशातून कागद काढून तुझ्या बापाला दिला. त्यावर लिहिलं हुतं ते तुझ्या बापानं मोठ्यानं वाचलं. शार्दूल, काळी.

मग तुझ्या नोकरीचं निघालं. काकासाहेब म्हणाले, आमच्याकडं दोन ट्रॅक्टर हायत, सुनेनं सकाळी सातला उठून गावाला सुया टोचत फिरायची गरज न्हाई. तुझा बाप हसला. व्हय म्हणाला न्हाई, न्हाई म्हणाला न्हाई. हसल्याचा पुरावा राहत न्हाई असं त्याला वाटतं.

मी पुढं गेले, काही ऐकलंच न्हाई असं तोंड केलं अन् चहा टाकला. यादीची बैठक चौदा तारखेला हाय. पौष लागायच्या आत उरकायचं. तुला बोलवायचं न्हाई. यादी गाडीची अन् भांड्याची असती, तिथं पोरीचं काय काम.

पोराला मी वाईट म्हणत न्हाई. दोन घास जास्त खातो एवढंच दिसलं. लग्न कर का करू नको, ते तुझं तू बघ, त्यात मी पडत न्हाई. पण तुझा बाप म्हणतो पोरगीनं होकार दिलाय. कधी दिलास? अन् मला का सांगितलं न्हाईस?

रंगुबाई


अहिल्यानगर
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

आजी,

मी कुणालाही होकार दिलेला नाही असं लिहून ठेवलं होतं. मग मोबाईल उघडून बघितला.

दिवाळीहून परत आले त्याच आठवड्यात पप्पांनी एक फोटो पाठवला होता. काळ्या गाडीवर एक माणूस बसलाय. खाली लिहिलं होतं, कसं वाटतंय? मी ड्युटीवर होते. मी गाडी बघितली, आजी. माणूस बघितलाच नाही, मला वाटलं दुकानातला असेल. म्हटलं, पप्पा गाड्या बघायला लागले. मी अंगठा पाठवला. मोबाईलमध्ये तो असतो ना, छान म्हणायचा, तो.

म्हणजे माझं लग्न मी एका स्कूटरला बघून ठरवलं आहे.

मागं बसायला भीती वाटत नाही ना, हे त्यांनी का विचारलं ते आता कळलं. मी महिनाभर निकिताला सांगत होते की माझे पप्पा बदलले. ती आता काही विचारत नाही, ते जास्त लागतं.

मला एक जानेवारीला रुजू व्हायचं आहे. एवढंच मला नक्की माहीत आहे. त्या राधाकृष्णला मी ओळखत नाही, म्हणून त्याला नाही म्हणा असंही म्हणत नाही. त्याला एक विचार. बायको रोज सकाळी साडेसहाला स्वतःच्या गाडीवर ड्युटीला जाईल, चालेल का? तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत मला लिही.

मंगळवारी प्लास्टर निघेल.

सुकन्या


बोरवाडी
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

सुकन्या,

आमी शिकलो न्हाई म्हणून अंगठा लावायचो. तू शिकून लावलास.

झालं ते झालं. तुझा बाप दोन दिवस घसा खाकरत फिरला अन् काल मला सगळं नव्यानं सांगितलं. मी पण नव्यानं ऐकलं. म्हणाला, आई, गाडी तूच पारखलीस, तूच आण. पैसे हातात ठेवले. शार्दूलच आणणार असं धरून नेहमीसारखं विचारलं न्हाई कोणती.

गुरुवारी बिभीषणबरोबर येते. आधार कार्ड घेऊन टिटवीच्या दुकानात उभी राहा. कागद तुझ्या नावावर करायचेत. या खेपेला सही कर.

रंगुबाई


बोरवाडी
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

सुकन्या,

काल बैठक झाली. जशी झाली तशी लिहिते.

गुरुवारी गाडी टेम्पोतून उतरवली ती ताडपत्रीत गुंडाळलेलीच ठेवली. तुझा बाप दोनदा उचकायला गेला. मी म्हणाले, पाहुण्यांच्या देखत उघडायची, शुभ असतं. असं कुठं काही नसतं, पण तुझा बाप शुभ म्हटलं की हात मागं घेतो.

कर्जतकर दहा माणसं घेऊन आले. पोहे झाले, चहा झाला. यादी लिहायला काकासाहेबांनी भाच्याला बसवलं. भांडी झाली, मानपान झाला, जेवणावळ कुणाकडं ते झालं. गाडीचं आलं तेव्हा मी उंबऱ्यात येऊन बसले.

मी विचारलं, "पाव्हणं, गाडी कुनाच्या सोयीची म्हनालात?"

काकासाहेब मोठ्या मनानं हसले. "मावशी, पोरीच्या. आमाला काय करायचीय गाडी?"

"मग तसं लिवा. वाड्या-वस्त्यावर लोक उगा वाईट बोलत्यात, पोराला गाडी मागितली म्हनून."

दहा माणसांत त्यांना दुसरं काय म्हणता येतं. भाच्यानं लिहिलं, मुलीच्या सोयीसाठी विजेवरची गाडी एक. दोन्हीकडच्या सह्या झाल्या. तुझ्या बापानं केली, काकासाहेबांनी केली. मग मी पण केली, पूर्ण नावानं, रेघेच्या वर. चार महिन्यांचं शिक्षण वसूल झालं.

नंतर राधाकृष्णला घेऊन अंगणात गेले. तुझ्या आईनं ताट आणलं, हळदी-कुंकू लावलं. ताडपत्री ओढली.

उन्हात हिरवीगार टिटवी, एवढीशी. तुझ्या बापाचं तोंड असं झालं की त्याला त्याच गायीनं पुन्हा लाथ मारली असावी.

राधाकृष्णला आधी वाटलं ही थट्टा हाय, खरी गाडी मागं असंल. त्यानं मागं बघितलं. मागं शेळी हुती. मी म्हणाले, बसून बघा की. बसला. गुडघे कानापाशी आले. नंतर तो चालवायला लागला हे आमाला कळलंच न्हाई, आवाज नसतो ना. त्याला पण कळलं नसावं. वळवायला गेला तर दांडा गुडघ्याला अडला, गाडी वळली न्हाई, अन् बैलगाडीच्या चालीनं, एकदम निवांत, तो कडब्याच्या गंजीत शिरला. नुसते बूट बाहेर. लागलं न्हाई काही. गाडीला पण न्हाई.

कडबा झाडत आला अन् म्हणाला, ही बदलून आना.

मी म्हणाले, "यादीत पोरीच्या सोयीची लिवलीय. ही पोरीच्या मापाची हाय. बदलायची तर पोरगी बदलावी लागंल."

काकासाहेबांचा भाचा हसला. तो लहान हाय, त्याला कळत न्हाई कुठं हसावं.

मग मी राधाकृष्णला तुझा प्रश्न विचारला, तू लिहिलास तसाच. सगळ्यांदेखत विचारला, म्हणजे त्याच्यावर मेहेरबानी केली, वडिलांना टाळून एकदा तरी स्वतः बोलायची संधी दिली. त्यानं वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, घरात काय कमी हाय. राधाकृष्ण म्हणाला, घरात काय कमी हाय. हे त्याच्या शब्दांत लिहिते. त्याचे शब्द तेवढेच.

आज निरोप आला की पत्रिका जुळत न्हाई. आजवर पत्रिका कुणी मागितली न्हाई, दिली न्हाई. टिटवीची बघितली असंल.

तुझा बाप कालपासून माझ्याशी बोलत न्हाई. बोलला तो एकदाच. म्हणाला, आई, चार मानसांत माजी मान खाली घातलीस. मी म्हणाले, गोरक्षनाथा, तू पोरीला फोटो पाठवलास तेव्हा माणसाचं नाव लिहायला तुला काय झालं हुतं. त्यावर तो रानात गेला, अन् भाकरी न घेता गेला. त्याचं मला वाईट वाटलं का, तर थोडं वाटलं. भाकरी पाठवली.

रंगुबाई


अहिल्यानगर
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

आजी,

बूट बाहेर, इथपर्यंत मी हसत होते. शेवटपर्यंत वाचल्यावर हसू गेलं.

पप्पा माझा फोन उचलत नाहीत. पाच वेळा केला. मी एकतीसला सामान घेऊन येते आहे. त्यांनी घरात ये म्हटलं नाही तर मी तिसगावला खोली बघेन, पण मला घरून जायचं आहे. गाडी घरून जाण्यासाठीच घेतली ना आपण?

त्यांनी काही म्हटलं तर मला लपवू नकोस.

सुकन्या


बोरवाडी
सोमवार, १२ जानेवारी २०२६

सुकन्या,

तू आज डबा चुलीपाशीच विसरलीस. बिभीषण तिसगाववरून जातोय, त्याच्याकडं देते, अन् डब्यात ही चिठ्ठी. भाजीला तेल जास्त झालंय, कागद वेगळा गुंडाळलाय.

तू येऊन बारा दिवस झाले. तुझा बाप तुझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो, हे मला दिसतंय, अन् तू ताटाकडं बघून जेवतीस हे पण दिसतंय. आज तू गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नसंल. तू वळणावर दिसेनाशी झालीस अन् त्यानं खोरं अन् घमेलं उचललं. वळणावर मोठा खड्डा हाय ना, जिथं परवा माझ्या तांब्यातलं दोन बोटं ताक गेलं. त्यात त्यानं तीन घमेली मुरूम टाकला अन् वरून पायानं तुडवला. तुझ्या आईनं विचारलं तर म्हणाला, ट्रॅक्टरला त्रास होतो. ट्रॅक्टर त्या वळणानं जात न्हाई.

मी त्याला काही बोलले न्हाई, तू पण बोलू नको. बोललं की तो मुरूम परत काढून आणंल.

परवा तू मला मागं बसवून बाजारात नेलंस त्याचं पण सांगून ठेवते. ताक एकूण पाच बोटं सांडलं. दोन त्या खड्ड्यात, तीन तुझ्या ब्रेकमुळं. ब्रेक म्हणजे विंचू न्हाई, दिसला की दाबायचा असं नसतं. पाय मात्र बरोबर टेकवतीस.

आता मुद्द्याचं. ही चिठ्ठी त्यासाठीच लिहायला घेतली, डबा नुसतं निमित्त.

पौष चालू हाय. पौषात सोयरीक बोलत न्हाईत असं सांगणारा तुझा बाप सकाळपासून दाढी करून बसलाय. नऊला एक पाहुणा आला, काखेत फाईल, शेवगावकडचा दिसतोय. पडवीत बसलेत. मी चहा घेऊन गेले की दोघं कांद्याच्या भावावर येतात. मी आत आले की आवाज खाली जातो. फाईलमध्ये फोटो हाय. या खेपेला गाडीवर बसलेला न्हाई, पाण्याच्या टँकरपाशी उभा हाय.

पाहुणा जेवून जाणार असं तुझ्या आईला सांगितलंय, पण जेवण चारच्या आत होणार न्हाई याची सोय मी करते. तुझी पाळी तीनला सुटती. साडेतीनला घरी पोचशील.

वळणावर हॉर्न वाजवू नको. गंजीपाशी लाव अन् तिथंच उभी राहा. मी असतेच तिथं.

रंगुबाई